हस्तलिखित अंकांचं स्कॅनिंग : प्रकल्प नोंदी, एप्रिल ते जून २०२५

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी साडेसातला वाचनालय उघडलं. ऊन चढायच्या आत दोन तास काम उरकायचं असं उन्हाळ्यापुरतं ठरवलं आहे. लॅपटॉप चालू केला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, सुरू करण्यासाठी डिस्क सापडत नाही. तीन वेळा बंद करून चालू केला. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन पाहिलं. जिथे एसएसडीचं (लॅपटॉपमधली फ्लॅश चिपची डिस्क, हिच्यात फिरणारं काही नसतं) नाव आणि ५१२ जीबी दिसायचं, ती जागा रिकामी.

शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप नीट बंद करून गेलो होतो. त्याआधी तो कधी अडखळला नाही, कुठली फाइल उघडायला नकार दिला नाही. जुनी हार्ड डिस्क जायच्या आधी करकर करायची, संथ व्हायची, माणसाला दोन दिवस मिळायचे. इथे काहीच नाही.

हिशोब मांडून ठेवतो. वाचनालयाच्या लोखंडी कपाटात १९५१ ते १९८९ मधले ३१ हस्तलिखित वार्षिक अंक आहेत. प्रत्येकाची जगात एकच प्रत. त्यातले १९ अंक, म्हणजे १,४६० पानं, स्कॅन झाली होती. बाहेरच्या हार्ड डिस्कवर शेवटची कॉपी २३ फेब्रुवारीची, त्यात १२ अंक, ९१२ पानं. नंतरचे सात अंक, ५४८ पानं, फक्त लॅपटॉपवर होती.

क्लाउडवर सगळं आपोआप जातंय असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. दुपारी घरून पाहिलं. फुकटची १५ जीबी जागा मागच्याच वर्षी भरली आहे. ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) रंगीत स्कॅन केलेलं ए-४ आकाराचं एक पान टिफमध्ये (न आवळलेल्या चित्र-फाइलमध्ये) ४६ एमबीचं होतं, म्हणजे १५ जीबीत सव्वातीनशे पानं मावली आणि तिथेच गाडी थांबली. जागा संपल्याचे ईमेल जुन्या सचिवांच्या पत्त्यावर जात होते. ते आता गावात नाहीत.

ग्रंथपाल काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अरे, पण मूळ अंक कपाटात आहेत ना? पुन्हा करू." बहुतेक पानांबद्दल त्यांचं खरं आहे. पान ३७ बद्दल नाही. ते मी त्यांना फोनवर सांगू शकलो नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

पान ३७ बद्दल आधी लिहितो, म्हणजे नंतर तपशील हरवणार नाहीत.

१९५८ चा अंक. निळ्या-काळ्या शाईने ओढलेला तक्ता, मथळा "गावातील विहिरींचे पाणी, वैशाख". चौदा विहिरी. प्रत्येकीपुढे मोहल्ल्याचं नाव आणि पाणी किती हात खोल आहे त्याचा आकडा. खाली मोडीत सही. जुन्या शाईतलं लोह आणि आम्ल कागद खातं. जिथे रेघ जाड, तिथे कागद तपकिरी होऊन कुरकुरीत झाला होता. १२ मार्चला हे पान स्कॅनरवर ठेवलं, स्कॅन झालं, उचलताना खालचा तिसरा भाग रेघांवरून तुटला. माझ्या हातात वरचा भाग राहिला आणि काचेवर नखाएवढे तुकडे पडले. मागची बाजू कोरी होती एवढंच बरं. ते तुकडे चिमट्याने उचलून बटर पेपरच्या पाकिटात घातले आणि वर तारीख घातली. तेव्हा काकूंना म्हणालो होतो, काळजी करू नका, स्कॅन झालंय.

गावातल्या या विहिरींपैकी आज तीनच उरल्या आहेत. १९५८ च्या वैशाखात कुठे किती पाणी होतं हे सांगणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही.

आज एसएसडी काढली. एम.२ प्रकारची, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. एनव्हीएमई एन्क्लोजरमध्ये (अशी पट्टी बाहेरून जोडायची डबी) घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावली. एन्क्लोजरचा दिवा लागतो, डिस्क मॅनेजमेंटमध्ये काही येत नाही. मी शिकवतो त्या क्लासमधल्या लिनक्स मशिनलाही दिसत नाही. अर्ध्या मिनिटात पट्टी बोटाला चटका बसेल इतकी तापते. याहून जास्त छेडछाड करायची नाही असं ठरवून ती अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवली.

२३ एप्रिल, बुधवार

जानेवारीतली नोंदवही काढली. १२ जानेवारीला क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून मी आकडे उतरवले होते. आरोग्य ९३ टक्के. एकूण लेखन ११ टीबी. कंपनीने हमी दिलेलं लेखन १५० टीबी. पुढे मी स्वतःच्या हाताने लिहिलंय : "उत्तम, अजून दहा वर्षं चिंता नाही."

ही माझी चूक आहे आणि ती नीट समजून घ्यायची आहे. तो टक्का झिजेचा आहे. फ्लॅशच्या प्रत्येक पेशीत विद्युतभार साठतो आणि लिहिणं-पुसणं होईल तशी ती पेशी थकते. टीएलसी प्रकारात एका पेशीत तीन बिट, म्हणजे विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिटांच्या क्यूएलसीत सोळा. जेवढ्या पातळ्या जास्त, तेवढं दोन पातळ्यांमधलं अंतर कमी आणि चूक व्हायची शक्यता जास्त. ९३ टक्के म्हणजे पेशी सरासरी सात टक्के थकल्या, एवढंच. सगळा कारभार पाहणारी कंट्रोलर चिप, तिच्यातलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर, पट्टीवरचा वीजपुरवठ्याचा भाग यांची तब्येत त्या आकड्यात नाही. लॅपटॉपमधली एसएसडी अचानक गेली की बहुतेकदा यातलंच काहीतरी गेलेलं असतं. पेशी झिजेपर्यंत घरगुती वापरातली एसएसडी क्वचितच पोचते.

त्याच पानावर खाली एक ओळ होती जिच्याकडे मी पाहिलंही नव्हतं : असुरक्षित बंद, २१२ वेळा.

दोन वर्षं सात महिन्यांत २१२ वेळा एसएसडीची वीज अचानक तुटली. का ते कळायला वेळ लागला नाही. लॅपटॉपची बॅटरी मागच्या दिवाळीत फुगली म्हणून काढून टाकली होती. त्याआधीही वर्षभर ती दोन मिनिटं टिकत नव्हती. लाइट गेली की लॅपटॉप जागेवर बंद. आम्हाला वाटायचं, फार तर उघडं पान जाईल.

आत काय चालतं ते क्लासमधल्या मुलांना मी फळ्यावर काढून दाखवतो, तरी इथे विसरलो. एसएसडीत फाइल जिथल्या तिथे राहत नाही. फ्लॅशमध्ये लिहिणं छोट्या तुकड्यागणिक होतं, पण पुसणं अशा अनेक तुकड्यांच्या अख्ख्या ब्लॉकचंच होतं, शिवाय झीज सगळीकडे सारखी पडावी म्हणून कंट्रोलर डेटा सतत इकडून तिकडे हलवत असतो. कुठली गोष्ट कुठे ठेवली त्याचा नकाशा त्याच्याचकडे असतो. तो नकाशा लिहीत असताना वीज गेली तर नकाशाच अर्धवट राहू शकतो. सर्व्हरसाठीच्या एसएसडीवर अशा वेळी काम पुरं करायला कपॅसिटर, म्हणजे क्षणभर पुरेल एवढी वीज साठवणारे भाग, असतात. लॅपटॉपच्या साध्या एसएसडीवर सहसा नसतात, तिथे लॅपटॉपची बॅटरीच ते काम करते. आमच्याकडे तीच नव्हती. आमची एसएसडी याच कारणाने गेली असं सिद्ध करता येणार नाही, पण माझा संशय इथेच आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

नागपूरला डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलो. तपासणी फुकट, डेटा निघाला तर १८ ते ३० हजार, नाही निघाला तर काही नाही. माणूस सरळ बोलला, मला आवडलं. "सर, हार्ड डिस्क असती तर हेड बदलून पाहिलं असतं. याच्यात चिप काढून वाचली तरी तुकडे हाती येतात आणि ते लावायचा नकाशा कंट्रोलरमध्ये. वरून कंट्रोलर स्वतः एन्क्रिप्ट करतो. कंट्रोलर जिवंत झाला तरच काम होईल."

मग त्याने विचारलं, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं एन्क्रिप्शन) आहे का? मी नाही म्हणालो. घरी येऊन विचार केला तेव्हा आठवलं, विंडोजने पहिल्याच लॉगिनला डिव्हाइस एन्क्रिप्शन आपणहून चालू केलं होतं. म्हणजे ४८ अंकी रिकव्हरी की लागणार. ती ज्या खात्यातून लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात असते. ते खातं जुन्या सचिवांच्या पुतण्याचं. त्याला फोन केला, बिचाऱ्याने रात्री अकराला शोधून पाठवली. कागदावर उतरवून घेतली आहे.

२७ एप्रिल, रविवार

कालपासून वाचतोय. एसएसडी चांगली की हार्ड डिस्क, या वादाला मला उत्तर हवं होतं, कारण समितीत गुरुवारी कोणीतरी "पुन्हा जुनी हार्ड डिस्कच बसवा" म्हणणार.

सगळ्यात उपयोगी सापडला तो टोरंटो विद्यापीठाच्या बियान्का श्रोडर आणि गूगलमधल्या दोघांचा २०१६ चा अभ्यास. गूगलच्या डेटा सेंटरमधल्या दहा मॉडेल्सच्या एसएसडी, सहा वर्षांचा वापर. चार वर्षांत ४ ते १० टक्के एसएसडी बदलाव्या लागल्या. हार्ड डिस्कच्या बाबतीत त्यांनी दिलेला आकडा दर वर्षाला २ ते ९ टक्के. म्हणजे बदलाव्या लागण्यात एसएसडी सरस. पण त्याच अभ्यासात, मॉडेलनुसार २० ते ६३ टक्के एसएसडींमध्ये पहिल्या चार वर्षांत निदान एक तरी चूक अशी झाली जी दुरुस्त करता आली नाही, म्हणजे काहीतरी डेटा गेला. आणि किती लिहिलं-पुसलं याच्याशी नातं न ठेवता निव्वळ वयानेही चुका वाढत गेल्या. माझ्या "दहा वर्षं चिंता नाही" या ओळीला हे थेट उत्तर आहे.

दुसरी गोष्ट वाचून अंगावर काटा आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल सूचना काढली : फर्मवेअर बदला, नाहीतर ३२,७६८ तास चालल्यावर एसएसडी बंद पडेल आणि डेटाही परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे दोनचा पंधरावा घात. तास मोजणाऱ्या आकड्याला पुढे जागाच उरत नव्हती. ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. एकाच दिवशी बसवलेल्या एसएसडी असतील तर एकाच तासाला सगळ्या जाणार. मी दोन सारख्याच एसएसडी एकदम घेऊन एकीवर काम आणि दुसरीवर बॅकअप असा बेत केला होता. तो रद्द.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, झेंडावंदनानंतर समिती वाचनालयातच बसली. कुलर घरघरत होता म्हणून सगळे मोठ्याने बोलत होते. मी सगळं सांगितलं, पान ३७ सुद्धा. काकू काही बोलल्या नाहीत. उठून कपाटातून ते पाकीट काढलं, उजेडात धरून पाहिलं आणि परत ठेवलं.

मग मी जे बोललो ते इथे लिहितो. हे अंक स्कॅन करायला घेतले कारण त्यांची एकच प्रत होती. आम्ही महिनोन्‌महिने खपून लॅपटॉपवर पुन्हा एकच प्रत तयार केली. एसएसडी बदलून हा प्रश्न सुटत नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम आपल्याला पुरतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. कामाची प्रत लॅपटॉपच्या नव्या एसएसडीवर. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. तिसरी नागपूरला माझ्या बहिणीकडे दुसऱ्या हार्ड डिस्कवर. क्लाउडवर विकतची जागा घेऊ, ती चौथी समजा.

एकाने विचारलं, कपाटात ठेवायची प्रत एसएसडीवर का नको, पडली तरी फुटत नाही. प्रश्न चांगला होता. जेडेक या चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडी हमीएवढी पुरी वापरून झाल्यावर, वीज न देता ३० अंश सेल्सिअसला ठेवली, तर डेटा एक वर्ष टिकला पाहिजे. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून खूप जास्त टिकते हे खरं. पण तापमान वाढलं की पेशींतला विद्युतभार लवकर गळतो, आणि चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात टिनाच्या छपराखालचं लोखंडी कपाट म्हणजे ३० अंश नव्हे. बाहेरच पारा ४५ च्या पुढे जातो. बिनविजेची, महिनोन्‌महिने पडून राहणारी प्रत मी तिथे एसएसडीवर ठेवणार नाही.

मंजूर : १ टीबी एसएसडी, २ टीबीच्या दोन हार्ड डिस्क (वेगळ्या कंपन्यांच्या), लॅपटॉपची बॅटरी. यूपीएसही मागितला होता, पण आधी बॅटरी, मग पाहू.

९ मे, शुक्रवार

सामान आलं. बॅटरी बसवली, लाइट गेल्यावर लॅपटॉप दोन तास चालला. विंडोज नव्याने टाकलं, या वेळी वाचनालयाच्या स्वतःच्या खात्यावर. ४८ अंकी कीच्या दोन छापील प्रती काढल्या. एक काकूंकडे, एक माझ्या घरी.

१४ मे, बुधवार

नागपूरहून फोन. कंट्रोलर बोलत नाही, तीन आठवडे प्रयत्न केला, पुढे जाण्यात अर्थ नाही. पैसे घेतले नाहीत, पट्टी कुरिअरने परत पाठवतो म्हणाले.

सात अंक पुन्हा स्कॅन करायचे. ५४८ पानं, त्यातलं एक वगळून.

१८ मे, रविवार

फेब्रुवारीची कॉपी नव्या एसएसडीवर घेतली आणि ९१२ च्या ९१२ फाइल उघडून पाहायचं ठरवलं. क्लासमधल्या दोन मुली मदतीला आल्या. लघुचित्रं पाहून भागणार नव्हतं, प्रत्येक पान पूर्ण आकारात उघडायचं. सहा तास गेले.

चार फाइल बाद निघाल्या. दोन शून्य बाइटच्या. दोनमध्ये पान वरून अर्ध्यापर्यंत ठीक आणि खाली सपाट करडा पट्टा. चारही १९५६ च्या अंकातल्या, कॉपीत सगळ्यात शेवटी गेलेल्या. बहुधा मीच त्या दिवशी सेफली रिमूव्ह न करता वायर ओढली असणार. मूळ पानं धडधाकट आहेत म्हणून निभावलं. पण तीन महिने आम्ही जिला बॅकअप म्हणत होतो ती प्रत कोणी एकदाही उघडून पाहिली नव्हती.

आजपासून पद्धत अशी. अंक स्कॅन झाला की प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ आकडा काढून यादीत. कॉपी झाल्यावर दुसऱ्या बाजूला तोच आकडा पुन्हा काढून जुळवायचा. पानातला एक ठिपका बदलला तरी आकडा पूर्ण वेगळा येतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा बिघाडही पकडला जातो. धाकटी मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे पानाच्या बोटाचा ठसा." यादीच्या मथळ्यावर तिने तेच लिहिलं आहे, राहू दिलं.

२५ मे, रविवार

क्लाउडसाठी रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर लावलं. फाइल आधी इथेच एन्क्रिप्ट होतात, बदललेलं तेवढंच वर जातं, आणि जुन्या तारखांच्या अवस्था शिल्लक राहतात. नुसत्या सिंकवर मी आता विसंबणार नाही. लॅपटॉपवर चुकून फोल्डर पुसलं की सिंक इमानाने तिकडचंही पुसतं. पासवर्ड विसरला तर सगळं कायमचं कुलूपबंद, म्हणून तो कागदावर, पाकिटात, कपाटाच्या कप्प्यात.

वाचनालयाच्या लाइनला वर चढवण्याचा वेग ५ एमबीपीएसच्या आसपास. ४२ जीबीला १९ तास लागतील असा हिशोब होता, मध्ये दोनदा लाइट गेली, राउटर बंद पडला. बावीस तासांनी पूर्ण.

बहिणीकडची डिस्कही तयार झाली. ती दर तीन महिन्यांनी इथे येईल, इथली तिकडे जाईल. हार्ड डिस्कही वर्षानुवर्षं न फिरवता ठेवायची वस्तू नाही.

७ जून, शनिवार

सातपैकी चार अंक पुन्हा झाले. कागद दुसऱ्यांदा हाताळताना जीव मुठीत धरावा लागतो. आता प्रत्येक पान पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालूनच काचेवर.

दुपारी काकूंना ब्रह्मपुरीच्या निवृत्त मास्तरांचा फोन आला. ते मोडी वाचतात. म्हणाले, "मार्चमध्ये तुम्ही त्या सहीचा फोटो पाठवला होता, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून उत्तर राहिलं. सही बहुतेक तेव्हाच्या शाळा मास्तरांची वाटते."

काकूंनी फोन तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. १२ मार्चला पान स्कॅनरवर जायच्या आधी त्यांनी मोबाइलवर फोटो काढून पाठवला होता. नुसत्या सहीचा नाही, पूर्ण पानाचा. पुढे त्यांचा फोन बदलला, जुना मुलाने विकला आणि ही गोष्ट त्यांच्या ध्यानातून गेली. मास्तरांच्या फोनमध्ये तो फोटो आहे. त्यांना म्हटलं, सर, कृपा करून काही पुसू नका, आम्ही येतो.

पाठवा म्हणालो नाही. संध्याकाळच्या एसटीने मी आणि काकू गेलो आणि फाइल केबलने काढून आणली.

१५ जून, रविवार

व्हॉट्सअ‍ॅपने आवळलेला फोटो, १८० केबी. मूळ स्कॅन ४६ एमबीचं होतं. पान थोडं तिरपं आहे, डाव्या बाजूला काकूंच्या बोटाची सावली. चौदापैकी अकरा विहिरींचे आकडे वाचता येतात. तीन जागी शाईचा डाग आणि आवळलेले चौकोन एकमेकांत मिसळले आहेत.

काल आणि आज पाकिटातले तुकडे काढले. एकूण ३४. टेबलावर पांढरा कागद, फोटोची मोठी छापील प्रत त्याच्या शेजारी, आणि कुलर बंद, कारण वाऱ्याने तुकडे उडतात. काकू चिमटा धरत होत्या, मी भिंगातून रेघ कुठून कुठे जाते ते सांगत होतो. फोटोमुळे कुठला तुकडा कुठल्या ओळीतला ते कळत होतं, तुकड्यांमुळे फोटोत न दिसणारी शाई दिसत होती. दुपारी तीनच्या सुमाराला माळीपुऱ्याचा आकडा लागला : १९ हात. तासाभराने गुजरीचा : २३. कुंभारपुऱ्याच्या आकड्यातला एकच अंक दिसतो, एक. पुढच्या अंकाचा तुकडा पाकिटात नाही. यादीत "१?" असं लिहिलं.

लावलेले तुकडे दोन पॉलिएस्टर शीटमध्ये धरून ६०० डीपीआयला स्कॅन केले. फोटो, हे स्कॅन आणि वाचलेल्या आकड्यांची यादी मिळून पान ३७ चं फोल्डर तयार झालं. एसएसडीवर, कपाटातल्या डिस्कवर आणि क्लाउडवर गेलं, तिन्ही ठिकाणचे ठसे जुळले. बहिणीकडची डिस्क ऑगस्टमध्ये येईल तेव्हा तिच्यावर.

उद्या सकाळी पान ३९ पासून.